अजून पन्नास फूट

पुढच्या संभाषणातले मामा आणि भाचा कल्पित आहेत. खडक, कायदे, योजना आणि प्रयोग खरे आहेत. मामांची सगळी नोकरी भूजल खात्यात गेली, विहिरींच्या पातळ्या मोजण्यात आणि नकाशे रंगवण्यात. भाच्याची जालना जिल्ह्यात चार एकर मोसंबी. रानात आजोबांच्या काळची एक विहीर आहे आणि तीन बोअर. दोन कोरडी पडली, तिसरं दिवसाला पाऊण तास चालतं आणि मग हवा फेकतं. एप्रिल लागला आहे. भाच्याने एजंटला फोन केला आहे आणि गाडी आज रात्री मोकळी आहे.

अंगवळणी पडलेल्या हत्यारापलीकडे काही सुचेनासं होतं, या मनाच्या खोडीवर मानसशास्त्रात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हातात नुसती हातोडी असली की जिकडेतिकडे खिळेच दिसतात, हा दाखला तर इतका झिजला आहे की तो देणाराही सवयीनेच देतो. त्यापेक्षा या दोघांना बोलू द्यावं.

मामा: चौथं कुठे घेतोस?

भाचा: वरच्या बांधाला. पाणाड्याने दोन जागा दाखवल्यात. दुसरीवर नारळ तळहातावर ताठ उभा राहिला, माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मामा: आधीच्या तिन्ही वेळा आडवा पडला होता का?

भाचा: टोमणा कळला. पण पहिल्या बोअरला एकशेऐंशी फुटांवर दोन इंची पाणी लागलं होतं, हे विसरू नका. ही बाग त्या पाण्यावर उभी राहिली. आणि तुमच्या यंत्राने दाखवलेल्या जागाही कोरड्या जातात.

मामा: जातात. जागेवरून मी भांडत नाही. पाणी कमी पडलं की तुझ्या मनात पहिल्यांदा काय येतं, तेवढं सांग.

भाचा: बोअर.

मामा: ते कोरडं गेलं की?

भाचा: दुसरीकडे बोअर. नाहीतर आहे तेच आणखी खोल. हसू नका. ताप आला की तुम्ही आधी गोळी घेता की वैद्यकीचं पुस्तक उघडता?

मामा: कागद घे. तीन भांडी आहेत, 21 लिटरचं, 127 लिटरचं आणि 3 लिटरचं. हौद भरलेला आहे. मला बरोबर 100 लिटर मोजून दे.

भाचा: (जरा वेळाने) 127 चं भरायचं. त्यातून 21 काढले, राहिले 106. मग तीनच्या भांड्याने दोनदा काढायचे. शंभर.

मामांनी याच जातीची आणखी काही गणितं घातली. आकडे बदलत होते, रीत तीच. मोठ्यातून पहिलं एकदा वजा, लहान दोनदा वजा. भाच्याचा हात असा बसला की आकडे पुरते ऐकायच्या आत तो उत्तर सांगू लागला. मग मामांनी 23, 49 आणि 3 ची भांडी दिली आणि 20 लिटर मागितले.

भाचा: 49 मधून 23 गेले, 26. तीन-तीन दोनदा. वीस.

मामा: 23 मधून एकदाच 3 काढले असते तर?

भाचा: वीसच. बरं, पण माझेही वीसच आले की! जरा लांबून आलो, बिघडलं काय?

मामा: मग हे घे. 28, 76 आणि 3. पंचवीस लिटर दे.

भाचा: 76 मधून 28 गेले, अठ्ठेचाळीस. सहा गेले, बेचाळीस. जमत नाही. गणित चुकलंय तुमचं.

मामा: 28 मधून 3.

हा प्रयोग अब्राहम लचिन्स या मानसशास्त्रज्ञाचा, 1942 मध्ये प्रसिद्ध झालेला. सरावाची गणितं ज्यांना दिलीच नव्हती ते सरळ वजाबाकी करून मोकळे होत. सराव झालेले बहुतेक जण लांबच्या वाटेने जात, आणि ती वाट बंद असलेल्या गणितापाशी त्यातले पुष्कळ जण भाच्यासारखेच अडकत. दोन्ही गटांची अक्कल सारखीच होती. फरक होता तो आधीच्या सरावाचा. लचिन्स यांनी काही जणांना मधेच, आंधळेपणा करू नका, अशा अर्थाची ओळ स्वतःच्या कागदावर लिहायला लावली. तेवढ्यानेही बरेच सावध झाले.

भाचा: एक बोलू का? एका रीतीची गणितं ओळीने घालून ती सवय तुम्हीच लावलीत, आणि वर मलाच वेडा ठरवलंत. ज्या रानात बोअरला पाणी लागलं त्या रानात पुन्हा बोअर मारणं यात वेडेपणा कसला? दर उन्हाळ्यात कोऱ्या पाटीवर विचार करायला आमच्याकडे सवड नसते. झाडं वाट बघत नाहीत.

मामा: सवय वाईट असं मी म्हणतच नाही. सवय म्हणजे साठवून ठेवलेलं शहाणपण. त्याच्यावाचून माणसाचा सकाळचा चहासुद्धा व्हायचा नाही. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. ओळखीचं उत्तर एकदा डोळ्यांपुढे आलं की नजर तिथून हलत नाही, आणि आपल्याला वाटत राहतं की आपण चौफेर बघतोय. बुद्धिबळाच्या चांगल्या खेळाडूंवर एक प्रयोग झालाय, 2008 चा. त्यांना एक डाव मांडून दिला. त्यात पाच चालींत मात होती, नेहमीच्या पाठातली. तीन चालींतलीही होती, पण ती अनोळखी. बहुतेकांना पाचवाली दिसली. विचारलं, तर म्हणाले आम्ही याहून छोटी वाट शोधतोय. त्यांची नजर कुठे फिरते हे टिपणारं यंत्र लावलेलं होतं. नजर त्या पहिल्या उत्तराच्या घरांवरच घुटमळत होती.

भाचा: खोटं बोलत होते?

मामा: मनापासून बोलत होते. म्हणून तर अवघड आहे.

भाचा: म्हणजे जितका जाणकार तितका फसायचा धोका. मग तुमच्या खात्यापासून सुरू करू. 72 च्या दुष्काळात तुम्ही लोकांनी काय केलं? पाझर तलाव. जिथे तिथे पाझर तलाव. आमच्या गावचा तर पक्क्या कातळावर बांधलाय, पाझरतो तो फक्त बांधातून.

मामा: तेव्हा लाखो माणसांच्या हाताला काम द्यायचं होतं. माती खोदणं आणि वाहणं हे काम कुणालाही देता येत होतं. पोटाच्या प्रश्नावर ते उत्तर बरोबर होतं.

भाचा: आणि पाण्याच्या?

मामा: काही ठिकाणी.

भाचा: बरं, मग शिरपूर. तुमच्याच खात्यातून निवृत्त झालेल्या खानापूरकर साहेबांनी धुळ्याकडे शिरपूर तालुक्यात नाले रुंद केले, खोल केले, बंधारे घातले आणि विहिरींना पाणी आलं. मग काय, सगळ्या महाराष्ट्राला शिरपूर हवं झालं. जलयुक्त शिवार आलं 2014 च्या शेवटी, दर वर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची म्हणून. कागदावर तेरा-चौदा प्रकारची कामं होती. गावात काय आलं? जेसीबी. आमच्या नाल्यात पंधरा दिवस घरघर चालली होती. वरची माती, मुरूम सगळं काढून काठावर टाकलं आणि खालचा काळा पाषाण उघडा पाडला. पहिल्या पावसात काठावरची माती परत नाल्यात.

मामा: हे तू माझ्याच बाजूने बोलतोयस.

भाचा: मी दोन्ही बाजूंनी बोलतोय. मला एकच बोअर दिसतं म्हणता, सरकारला एकच जेसीबी दिसला.

इथे मामांनी बराच वेळ घेतला, आणि त्यांनी सांगितलेलं थोडं विस्ताराने देणं भाग आहे, कारण वादाची खरी जमीन इथेच आहे. शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या खोऱ्यात येतो आणि तिथे नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत, वाळू आणि चिकणमातीचे एकाआड एक. वरचा चिकण थर पाणी अडवून धरतो. तो कापला की खालच्या वाळूला वाट मिळते. जालना, बीड, लातूर इथला बहुतेक खडक बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. राज्याचा पाचांतला चार भाग याच खडकाचा आहे. इथे पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. कुजलेल्या बेसाल्टमधून मिळणारं पाणी भूजलाच्या हिशेबात साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे शंभर लिटर मुरूम पाण्याने ठासून भरला तरी विहिरीला दोन लिटर मिळायचे. शिरपूरचा उपाय शिरपूरच्या पोटातल्या मातीला धरून होता. पुढे तो उचलला गेला तेव्हा उपाय प्रवासाला निघाला आणि माती मागे राहिली. जेसीबीचं आणखी एक आकर्षण होतं, जे मामा बोलले नाहीत, मी बोलतो. नाला किती मीटर खोल झाला हे मोजता येतं, त्याचा फोटो काढता येतो, बिल निघतं. पाणी किती मुरलं याचा फोटो निघत नाही. जलयुक्त शिवार योजनेला भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं कॅगने 2020 मध्ये नोंदवलं.

शेततळ्याचीही तीच कथा, फक्त आणखी विचित्र. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला खड्डा, ही मूळ कल्पना. 2016 मध्ये मागेल त्याला शेततळे आलं. पुष्कळ ठिकाणी त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला गेला आणि तळं भरलं गेलं बोअरच्या पाण्याने. सावलीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं.

भाचा: ते माझ्या शेजाऱ्याकडे आहे. एक कोटी लिटरचं. त्याची बाग हिरवी आहे, मामा. तुम्ही विचित्र म्हणा.

मामा: त्याच्या बोअरची खोली किती?

भाचा: साडेतीनशे. माझं एकशेऐंशीचं त्यानंतरच्या वर्षी आटलं.

मामा: मग बोअर हे हत्यार वाईट की चांगलं?

भाचा: आधी त्याचं चांगलं ऐका. 72 मध्ये आजी दीड कोस चालायची पाण्याला. आडात उतरून वाट्याने पाणी भरायचे लोक. मग यंत्राच्या गाड्या आल्या, कातळ फोडून खाली गेल्या आणि हातपंप बसले. आणि तो हातपंप कुठला माहीत आहे का? आमच्या जालन्याचा.

मामा: अर्धा जालन्याचा, अर्धा सोलापूरचा. पण गोष्ट तुझ्या म्हणण्याच्या उलट जाते. आधी बसवलेले पंप ओतीव लोखंडाचे, परदेशी नमुन्यावर केलेले, एका घराच्या वापरासाठीचे. त्यांच्यावर अख्खं गाव लावलं. दिवसभर दांडा खालीवर. ते मोडायचे, दुरुस्त करून पुन्हा तेच बसवायचे, पुन्हा मोडायचे. 1974 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य पंप बंद निघाले. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादाचा, वेगळ्याच बांधणीचा पंप केला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्याच वाटेने दशकाच्या शेवटी इंडिया मार्क टू आला. कुणीतरी दुरुस्तीचा पाना खाली ठेवला म्हणून हे झालं.

भाचा: ठेवला कारण पंप रोज मोडत होते. हत्यार डोळ्यांदेखत मोडलं की माणूस बदलतो. माझं बोअर तसं मोडत नाही ना. कधी लागतं, कधी नाही.

मामा: हे तू मोठं बोललास. रोज हरणारा डाव सुटतो. चारांत एकदा जिंकून देणारा सुटत नाही.

भाचा: मग दोष माझा की डावाचा?

मामा: थांब, आधी हिशेब करू. हातपंपाचा जुना शासकीय निकष काय होता? अडीचशे माणसांना एक पंप, माणशी 40 लिटर. म्हणजे दिवसाला दहा हजार लिटर. आता तुझ्या मोसंबीच्या मोठ्या झाडाला या दिवसांत ठिबकने किती देतोस?

भाचा: शंभर लिटर धरा. एकरात एकशेदहा झाडं.

मामा: अकरा हजार लिटर एकराला. तुझा एक एकर म्हणजे अडीचशे माणसांची वस्ती. चार एकर म्हणजे हजार-अकराशे लोकांचं गाव, आणि ते उन्हाळाभर तुझ्या त्या भोकातून पाणी पिणार. जे भोक प्यायच्या पाण्यासाठी पाडलं होतं ते आपण शेतीला जुंपलं. यंत्र तेच, खडक तोच, प्रश्न चौपटीहून मोठा. बोअर मारताना एकच विचारता येतं, पाणी लागेल का? किती आहे आणि किती जणांना पुरेल, हे त्याला विचारताच येत नाही. आणि जे विचारता येत नाही ते आपण विचारायचं सोडून दिलं.

भाचा: तुम्ही हातोडीचं ते नेहमीचं सांगणार होतात ना?

मामा: सांगत नव्हतो. पण तुझ्या गाडीत खरंच हातोडी असते, माहीत आहे? दांड्यांच्या टोकाला भोकाच्या तळाशी हवेच्या दाबावर ठोके मारणारा तो हॅमर. म्हण कुणी मुद्दाम केली नसेल, पण आपल्या खडकाला फारच लागू पडली.

भाचा: त्याच हॅमरने आमची घरं जगवलीत. आता माझं ऐका, मघापासून तुम्ही सगळं डोक्यात शोधताय. भांडी, बुद्धिबळ, नजर. मी बोअर का मारतो? मला दुसरं सुचत नाही म्हणून? सुचतं की! तुम्हीच सांगा बरं, आणखी काय करता येईल?

मामा: आंबे बहाराची फळं सुपारीएवढी झालीत. ती झाडून टाक. फांद्या हलक्या छाट, बुडाशी पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट अंथर, पाणी निम्म्यावर आण. फळ गेलं तरी झाड जगेल. आणि जुन्या विहिरीतला गाळ काढ, मुरमाच्या थरात दोन-तीन आडवी बोअर घे. यंदाचा नाही, पुढच्या पावसाचा विचार करून.

भाचा: सगळं ठाऊक आहे. 2012-13 ला या जिल्ह्यात मोसंबी वाळली, लोकांनी कुऱ्हाडी लावल्या, तेव्हा ज्यांनी फळं झाडली त्यांची झाडं राहिली, तेही बघितलंय. पण बोअरला गाडी उद्या पैसे द्या म्हणून थांबते. दुकानदार मोटर उधार देतो, केबल देतो. फळं झाडून टाकायला कोण उधार देतं? सोसायटीचं कर्ज फळांवर आहे, झाडांवर नाही. बोअरला वीज लागते, ती साडेसात अश्वशक्तीपर्यंत आता फुकट. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बोअर मला एकट्याला मारता येतं. आज रात्री. कुणाला विचारावं लागत नाही. शेजारी साडेतीनशेवर आहे. मी फळं झाडून शहाणपणा केला तर माझ्या वाटचं पाणी तो ओढणार. ही डोक्यातली खोड नाही, मामा. शर्यत आहे.

माझ्या मते या संभाषणात इथवर कुणी बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य आहे, आणि मानसशास्त्राच्या पुस्तकांत ते सहसा सापडत नाही. लचिन्सच्या खोलीत प्रत्येकाची भांडी वेगळी होती. जालन्यात सगळे एकाच हौदातून मोजत आहेत. ओळखीचं हत्यार एकट्या मनाला चिकटून राहत नाही. त्याच्याभोवती उधारी, अनुदान, वीजजोडणी, एजंट आणि शेजारी यांची अख्खी वाडी वसलेली असते. नवा विचार सुचला तरी त्याला त्या वाडीत भाड्याने खोली मिळत नाही. तरीही मामा गप्प बसले नाहीत, आणि बरं झालं.

मामा: शर्यत आहे, मान्य. पण शर्यत लागली हे तुला आजच कळलंय का? शेजाऱ्याने साडेतीनशे घेतलं तेव्हा तुझ्या मनात काय आलं?

भाचा: चारशे.

मामा: बघ. शर्यत खरी, पण तिच्यातून बाहेर पडायची वाट शोधायच्या आधीच तुझ्या तोंडून आकडा निघाला. त्याच्याशी जाऊन बोलावं, असं आलं का मनात?

भाचा: बोलून काय होणार? हिवरे बाजारचं सांगणार आता तुम्ही.

मामा: सांगणारच. तिथेही आपलाच खडक आहे. पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. प्यायचं आणि जनावरांचं आधी बाजूला, मग उरेल त्यावर पिकं ठरतात. सिंचनाला बोअर घ्यायचं नाही हे गावाने ठरवलं. ऊस आणि केळी नको, हेही.

भाचा: तिथे तीस वर्षं एका माणसाने गाव धरून ठेवलं. आमच्या ग्रामसभेला कोरम होत नाही. तुमचा ताळेबंदही एक हत्यारच झालं, मामा. जिथे गाव एकत्र बसतं तिथे चालणारं. ते उचलून आमच्यावर ठेवलं तर तेही शिरपूरच व्हायचं.

मामा: (थोडं थांबून) याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. ताळेबंदाला सबंध गाव लागतं असं नाही. एका भेगेवर जेवढी बोअर आहेत तेवढे लोक पुरतात. तुमच्या ओढ्याच्या या अंगाला किती?

भाचा: सात शेतकरी. सातव्याशी माझं बोलणं नाही. बांधावरून कोर्टात आहोत.

मामा: मग सहा.

भाचा: सहांनी ठरवायचं आणि सातव्याने ओढायचं. तुमचा 2009 चा भूजल कायदा आहे ना, साठ मीटरवाला? त्याच्या पुढची ती खोल विहीर, हो ना? लावा की त्याला तो कायदा.

मामा: कायदा आहे. दोनशे फुटांच्या आसपास रेघ आहे. आणि रात्री गाडी कुठल्या रानात उभी आहे हे सगळ्या तालुक्याला आवाजावरून कळतं. पण तक्रार करायला जो जाईल त्याचंही बोअर तीनशेवर असतं.

दोघेही हसले. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा त्या शहराच्या आसपास भोकांची वाण नव्हती. मामांनी हा विषय काढला, पण भाच्याने तो उडवून लावला: शहराचं शहर बघेल.

भाचा: आता शेवटचं सांगा. समजा मी आज गाडी परत पाठवली. मेमध्ये झाडं वाळली, तर मी कुणाला काय सांगू? बोअर मारून वाळली तर गाव म्हणेल, बिचाऱ्याने केलं ते सगळं केलं. न मारता वाळली तर म्हणेल, मामाचं ऐकून बाग घालवली.

मामा: हे मात्र मी धरलंच नव्हतं.

भाचा: डॉक्टर सलाइन लावतो तसंच आहे. लावलं नाही तर घरचे म्हणतात, काही केलंच नाही.

मामा: बरं. गाडी येऊ दे. पण एक कर. बोअर चालू असताना काय होतं ते तुला माहीत आहे. दोनशेला नुसती धूळ. एजंट म्हणतो, मालक, ओल लागायला लागलीय, अजून पन्नास फूट. अडीचशेला गेरूचा पट्टा लागतो, तो म्हणतो, गेरू आला, आता खाली पाणी असणार. तीनशेला तुझे तीस हजार बुडालेले असतात आणि ते वाचवायला तू आणखी पन्नास फूट म्हणतोस. रात्री दोनला, यंत्राच्या आवाजात, डोळ्यांत धूळ घेऊन कुणीही नीट विचार करू शकत नाही. म्हणून आत्ता कर. थांबायचा आकडा आत्ता कागदावर लिही, सही कर, आणि तो कागद माझ्याकडे दे. रात्री मी गाडीजवळ उभा राहतो.

भाचा: लचिन्सचा कागद.

मामा: कुणाचा का असेना. आणि कोरडं गेलं तर उद्या सकाळी फळं झाडायची, दुसरी जागा बघायची नाही.

भाचा: सकाळचं सकाळी बघू. आकडा लिहितो, पण आकडा माझा.

मामा: किती?

भाचा: अडीचशे.

मामा: कायद्यात दोनशेच बसतात.

भाचा: मामा, मला कायद्यात मोसंबी लावायची नाही.